सूर्याचं वस्तुमान

नातीच्या नव्या पुस्तकाचा वास आला आणि परळच्या शाळेतला एक तास आठवला. मी फळ्यावर लिहिलं होतं, 'वस्तुमान कधीच नष्ट होत नाही.' नववीतली सुजाता उठली. "बाई, सूर्य प्रकाश देतो तसं त्याचं वस्तुमान घटतं ना? मी वाचनालयात वाचलंय."

तिचं बरोबर होतं आणि मला ते माहीत होतं. पण मागच्या बाकावर तपासणीला आलेले साहेब बसले होते. "पुस्तकात आहे तेवढंच बोल," मी म्हणाले. सगळा वर्ग हसला. वही छातीशी धरून ती खाली बसली.

तेव्हा मला तास निभावल्याचं समाधान वाटलं. सुजाताने मात्र पुन्हा कधी हात वर केला नाही. निरोपाच्या दिवशी ती पाया पडली, तेव्हाही 'तुझंच बरोबर होतं' एवढं माझ्याच्याने बोलवलं नाही.