कोंबड्यांच्या जाळीतली दीर्घिका

बिबट्याला भिऊन मी गोठ्याभोवती झटका मशीनची, म्हणजे सेकंदासेकंदाला विजेचा झटका सोडणारी तार ओढली आणि शेजाऱ्यांची दीर्घिका बिघडवली. चूक एवढीच. पण ती कळायला मला दीड महिना लागला.

हे शेजारी म्हणजे ज्यांच्या बांधाला माझा बांध लागतो ते. अख्ख्या राजुरीच्या शिवारात त्यांच्याइतका एकटा माणूस नाही, आणि त्यांच्याइतकं लांबचं गणगोतही कुणाचं नाही. त्यांची उभी नोकरी पलीकडच्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्यांना ग्रीस घालण्यात गेली. निवृत्त झाल्यावर बाकीच्यांनी देवळाचा कट्टा धरला. यांनी शेततळ्याच्या कडेला कोंबड्यांच्या जाळीची स्वतःची तबकडी उभारली, मंचरच्या भंगारातून कागदावर रेघ ओढणारं यंत्र आणलं आणि कन्या राशीतली एक दीर्घिका, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचं एक लांबचं गणगोत, धरून बसले. ढग असोत, भर दुपार असो, रेडिओ लहरींना त्याचं काही नसतं. ती डोक्यावर आली की स्पीकरमधली खरखर किंचित वाढते आणि कागदावरच्या रेघेला टेंगूळ येतं. बायको होती तेव्हा दोघं मिळून त्या टेंगळाची वाट बघत. ती गेली, पण दुसरी खुर्ची त्यांनी हलवली नाही.

दीर्घिका रोज चार मिनिटं लवकर येते, म्हणून यांचा चहाही रोज चार मिनिटं लवकर. महिन्याला दोन तासांचा फरक! कधी जावं ते कुणाला उमगत नाही, म्हणून कुणी जातही नाही. भाचीच्या साखरपुड्यात ताटात बुंदी पडत असताना हे उठले. "पाहुनी यायची येळ झाली," म्हणाले. नवऱ्याकडची मंडळी एकमेकांकडे बघत राहिली.

एवढं आहे काय तिच्यात, असं मी एकदा विचारलं.

"अंड्यावानी दिसती. म्हातारी हाय. नवं तारं काय फारसं जल्मत न्हाईत. बघनाऱ्याला वाटंल, संपलं सारं. पन गाभ्यात असं काय भुकेलं बसलंय राव, जवळ आलेलं गिळतंय आनि लांब लांब फवारं मारतंय."

आषाढात मी मशीन लावलं. बिबट्या रात्रीचा हिंडतो, पण माझी भीती दिवसाही हिंडते, म्हणून मशीन सदा चालू. त्याच आठवड्यात बांधावरून जाताना त्यांच्या स्पीकरमधून ऐकू आलं, टक्... टक्... टक्.

"हे काय?"

त्यांनी दुसऱ्या खुर्चीवरची धूळ झटकली. "बसा," म्हणाले.

मी बसलो, आणि दीर्घिकेचा गाभा ठोके देतोय, हा शोध त्या खुर्चीतच लावला. मग रोज जायला लागलो. बेल्ह्याच्या बाजारात बैलांचे दात बघणाऱ्यांना गाठून सांगितलं, सोयऱ्याधायऱ्यांना मोटारसायकलवर घालून आणलं. ते चहा ठेवत, मी व्याख्यान देई. एक पाहुणा म्हणाला, "लई घड्याळावानी वाजतंय वो!" मी त्याला अडाणी ठरवलं.

श्रावणात मशीनची बॅटरी उतरली. तोवर चहाची वेळ पावणेसहावरून पावणेतीनवर आली होती. त्या दुपारी ठोके बंद! माझ्या डोक्यात उजेड पडायला अख्खा कप लागला. मग कागदाची गुंडाळी उलगडली. मशीन लावल्या दिवसापासून ठोक्यांच्या नुसत्या केरसुणीसारख्या उभ्या काड्या, टेंगूळ एकही नाही. बायको गेल्यानंतरसुद्धा त्यांनी एक दिवस चुकू न दिलेली रेघ मी दीड महिना खाल्ली होती.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पैल्याच टोल्याला. ग्रीस घालून उरलेली नोकरी दुर्बिनीला छळनारी असलीच मशिनं हुडकन्यात गेली माझी."

"मग बोलला का नाहीत?"

ते कप विसळत राहिले. "बोललो असतो तर तुमी मशीन बंद केलं असतं. मग आला नसता."

आता मी तेवढ्या वेळापुरतं मशीन बंद करतो आणि जातो. रोज चार मिनिटं लवकर. नुसती खरखर. रेघेला टेंगूळ आलं की ते बोट दाखवतात, मी मान डोलावतो. काल मात्र राहवलं नाही. कबूल केलं की यातलं मला काडीचं कळत नाही.

"ते बरंय राव," ते रेघेवरची नजर न काढता म्हणाले. "कळनारी मानसं धा मिंटात उठून जात्यात."