लीलाधर नानाचा पहिला गिअर

सोनगीर फाट्यावर ट्रकचा गिअरबॉक्स उतरवायचा म्हटलं की लीलाधर नाना. दुसरं नाव कोणी घेतच नाही. आणि गंमत बघा, या माणसाने साठीला येईपर्यंत कधी गाडी चालवलेली नव्हती. लहानपणी पोलिओने डावा पाय लुळा पडला, आणि क्लच दाबायचा तो नेमका डाव्याच पायाने. आता बोला!

मग बसवलेला क्लच तपासायचा कसा? त्याची सोय त्याने आणि त्याच्या बायकोने, बेबाबाईने, लग्न झालं त्याच वर्षी लावून टाकली. नाना गाडीखालच्या खड्ड्यात स्टुलावर बसायचा, बेबाबाई पदर खोचून केबिनमध्ये चढायची. खालून हाक यायची, "दाब व!" की ती दाबायची. "सोड व!" की सोडायची. नवखे ड्रायव्हर रुमाल तोंडाला लावून हसायचे. बेबाबाई त्यांना वरूनच असं बघायची की हसू जागच्या जागी विरायचं.

एका शुक्रवारी सकाळी केळीच्या पिकअपला बांधलेली एक लाल गाडी शेडसमोर येऊन थांबली. एवढी बुटकी की बेबाबाईला वाटलं, चारही टायर बसलेत. गाडीची मालकीण रूपाली, रावेरकडच्या केळीवाल्या घरातली पोरगी, शर्यतीत गाडी पळवणारी. पिकअपवर तिचा थोरला भाऊ कुंदन. रविवारी नाशिकजवळ शर्यत होती. नवा गिअरबॉक्स आणि क्लच पिकअपमध्येच होता, तो नाशिकला बसवायचा बेत होता. पण जुन्याने सोनगीरच्या अलीकडेच मान टाकली, आणि गाडी पोचेपर्यंत वेळ राहणार नाही म्हणत नाशिकच्या मिस्त्रीने फोनवर हात वर केले.

"नाना, मले खरं सांगा," रूपाली म्हणाली, "होईल का नाही? वर्षभर या एका शर्यतीसाठी राबले मी."

कुंदनने खोक्यातून काढलेल्या त्या गिअरबॉक्सवरून नाना हात फिरवत होता. ट्रकचा गिअरबॉक्स म्हणजे काळं, तेलकट धूड, चौघांनी शिव्या देत उचलायचं. आणि हा! पांढराशुभ्र, गुळगुळीत, त्याने बोटाने शाफ्ट फिरवला तर आतली चक्रं कुठे खट्ट न करता फिरली. नाना दोनदा म्हणाला, "अरे बाप रे!" मग तिसऱ्यांदा म्हणाला. एवढं देखणं काम माणसाच्या हातून होतं, हेच त्याला खरं वाटेना.

"व्हई," तो शेवटी म्हणाला. "बठ्ठं व्हई, माय."

फळ्या लावून गाडी खड्ड्यावर घेतली. जुना गिअरबॉक्स केळीच्या वाळलेल्या पानांच्या गादीवर अलगद उतरला. क्लचची प्लेट तांबूस धातूच्या जाड तुकड्यांची होती, नाना तीही उन्हात धरून बघत बसला. शनिवारी सकाळी नवा गिअरबॉक्स जागेवर बसला, आणि बेबाबाई त्या बुटक्या गाडीत शिरली. शिरली कसली, अक्षरशः ओतलं तिने स्वतःला! "दाब व!" "सोड व!" पेडल घट्ट होतं, पण तिने जोर लावून दाबलं. नानाने कान लावला, मान डोलावली.

रूपाली गाडी रस्त्यावर घेऊन गेली. नाना शेडच्या तोंडाशी काठीवर रेलून ऐकत राहिला. पहिला गिअर, दुसरा, छान. मग तिने अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि इंजिन किंचाळलं, पण गाडीचा आवाज काही दूर जाईना.

नानाचा चेहरा उतरला. "इंजिन पळस, गाडी नही पळत," तो पुटपुटला.

रूपाली परत आली ती डोळ्यांत पाणी घेऊन. कुंदन म्हणाला, "प्लेटच खराब निघाली वाटतं. कंपनीले धरू आपण." नानाने नुसती होकाराची मान हलवली असती तरी भागलं असतं. कोणी काही म्हणालं नसतं.

"प्लेट चांगली शे," तो म्हणाला. "मन्ही चूक शे, माय. ग्रीस."

आमच्याकडची धूळ कसली बेकार, ठाऊक आहेच. म्हणून फाट्यावरचे मिस्त्री शाफ्टच्या दात्यांना हात सैल सोडून ग्रीस लावतात. ट्रकला ते चालून जातं. पण हे इंजिन फिरतं वेड्यासारखं, त्याने ते सगळं ग्रीस झटकून प्लेटवर उडवलं होतं, आणि प्लेट पकड सोडून घसरत होती. शंभर ट्रक सुधारणारी सवय इथे घात करून गेली.

पुन्हा सगळं उतरवलं. नानाला चहासुद्धा गोड लागेना. प्लेट धातूची होती म्हणून वाचली, तिने तेल प्यायलं नव्हतं. नानाने ती थिनरने धुतली, पुसली, परत धुतली. शाफ्टला या वेळी ग्रीसचं नुसतं बोट लावलं आणि तेही फडक्याने टिपून घेतलं. दुपार कलली तेव्हा बेबाबाई पुन्हा आत शिरली, पेडल दाबून-सोडून बाहेर आली.

मग रूपालीने गाडी चालू केली आणि दुसरं दार उघडलं. "नाना, बसा."

"मी? मी काय करू तठे?"

"क्लच मी दाबते. गिअर तुम्ही टाका."

नाना डावीकडे बसला. गिअरचा दांडा त्याच्या उजव्या हाताशीच होता. हायवेला लागून मोकळा पट्टा होता, तिथे ती म्हणाली, "दाबला." त्याने दांडा ओढला. दुसरा गिअर खटकन बसला आणि पाठ सीटला चिकटली. "दाबला!" तिसरा. इंजिनाचा आवाज चढला आणि त्याच्याबरोबर गाडीही पळाली, सगळीच्या सगळी, आणि समोरचा सोनगीरचा किल्ला धावून अंगावर आला. ज्या दात्यांवर त्याने आयुष्यभर बोटं फिरवली, ते आता त्याच्या मुठीखाली जिवंत होते. नाना हसत होता की रडत होता, ते रूपालीला कळलं नाही.

गाडी शेडपाशी थांबली. बेबाबाईने दार उघडून त्याला हात दिला. "काय हो, इतलं काय व्हयनं?"

नाना काठी टेकत गाडीबाहेर आला.

"इतला वरीस तू दाबस नि सोडस," तो म्हणाला. "त्यान्हा पुढे काय व्हस, ते आज दखं मी."

बेबाबाईने पदराने त्याचं तोंड पुसलं, आणि मग रूपालीकडे वळून विचारलं, "पोरी, आखो एक चक्कर व्हई का? मी बी दखस."