एका वेळी एकच बदल

या देशात क्रांती का होत नाही, याचं कारण मला सापडलं आहे. ते भोपाळला इंद्रपुरीत, माझ्या खोलीच्या बरोबर खाली राहतं. ते म्हणजे आमचे घरमालक काका.

कारखान्यातून निवृत्त होऊन कॉम्प्युटरच्या नादी लागलेल्या या गृहस्थांचा धर्म एकच: एका वेळी एकच बदल. स्वतः केलेला चहा बिघडला, तर आज फक्त दूध बदलणार, उद्या फक्त पत्ती. आलं जास्त पडलंय हे काकूंनी पहिल्या घोटालाच सांगितलेलं असायचं. सर्दी झाली तर काढा किंवा वाफ. दोन्ही केलं तर "बरं कशानं झालं ते कळणार कसं?" मी पत्रकं वाटून व्यवस्था मुळासकट उपटायला निघालेली. मला जिन्यात अडवून विचारायचे, "सगळी एकदम? मग बेटा, बिघाड कुठे होता ते कसं कळणार?" डोकं फिरायचं माझं.

आमच्या आंदोलनाची वेबसाइट काकांच्याच दिवाणखान्यातल्या सर्व्हरवर चालायची. नाल्याकाठची वस्ती हटवायची नोटीस निघाली होती. रहिवाशांच्या हरकती त्या साइटवरून शेवटच्या दिवशी संध्याकाळपर्यंत गेल्या नाहीत, तर बुलडोझर येणार. आणि काकांनी नेमकं आदल्या दिवशी सर्व्हरचं कर्नेल, म्हणजे प्रत्येक प्रोग्रॅमला मेमरी वाटून देणारा मूळ गाभा, नवं बसवलेलं! एकेक हरकत चढेपर्यंत हातातला चहा निवायचा.

"काका, रिस्टार्ट मारा!" मी ओरडले.

"तासभर पळेल, मग पुन्हा अडेल, आणि बिघाडाचा पुरावा पुसला जाईल. तू पुसू देतेस का कुणाला?"

"मग जुनं कर्नेल परत टाका!"

"त्यात भोक आहे. या लोकांचे पत्ते, फोन नंबर चोरांना वाटू?"

"मग मेमरी वाढवा ना!"

"अगं, अर्धी रिकामी पडलीय. रिकामी असून देत का नाही, हा सवाल आहे."

इतकं नेमकं वाक्य माझ्या एकाही पत्रकात नव्हतं, याचाच मला जास्त राग आला.

स्क्रीनवरचे आकडे बघता बघता काका ताडकन उठले. चहा पीत बसलेल्या आमच्या कार्यकर्त्यांना त्यांनी भिंतीलगत पंगतीसारखं बसवलं, मध्ये मध्ये जागा सोडून. "पाहुणा एकच आलाय. जुना वाढपी, म्हणजे जुनं कर्नेल, त्याला मिळेल त्या फटीत बसवायचा. हा नवा हट्टाला पेटलाय, सलग अख्खी रांगच देईन म्हणतो! म्हणून जेवणाऱ्यांना पानांसकट सरकवत सुटलाय. सरका!" सगळे कपबशा सांभाळत सरकले. "पुन्हा सरका!"

"अहो, चहा तरी पिऊ द्या त्यांना!" स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची आडवी टाकून भाजी निवडणाऱ्या काकू कडाडल्या.

"हेच! हेच चाललंय आत! कुणाचंच जेवण होत नाहीये!"

मग त्यांनी एक, फक्त एक सेटिंग बदललं आणि तो सलग रांगेचा हट्ट बंद केला. हरकती सरसर चढल्या. वस्ती आज जागेवर आहे.

यंदा काकू गेल्या. परवा खाली गेले, तर खुर्ची अजून दारात तशीच आडवी.

"काका, ही तरी हलवू का? अडखळाल."

"नको गं," ते म्हणाले. "एक बदल झालाय ना घरात. त्याचंच अजून काही कळत नाहीये."

मी खुर्चीला वळसा घालून आत गेले.