भजनाची वेळ आणि सव्वासातची बस

मला राग लवकर येत नाही असं आमच्या कॉलेजात समजतात. तो लवकरच येतो. मी तो तोंडावर येऊ देत नाही, एवढंच. पण त्या वर्षी हे काही मला जमलं नाही.

मी कॉमर्स शिकवते. आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरातलंच. घरात आम्ही मराठी बोलतो, पण पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना दर दोन वाक्यांनी ‘म्हणजे?’ असं विचारावं लागतं, इतकं त्यात कन्नड मिसळलेलं. म्हणूनच असेल, एका रविवारी सकाळी विठ्ठल मंदिराचे अध्यक्ष माझ्या दारात उभे राहिले तेव्हा मला फार नवल वाटलं नाही. त्यांचं कपडे शिवायचं जुनं दुकान आहे, वय सत्तरीचं. त्यांच्याही घरात आमच्यासारखीच मराठी; समाज मात्र त्यांचा वेगळा, आमचा वेगळा. पण लग्नकार्यांत भेटी होतात, मी त्यांना काका म्हणते. त्यांच्यासोबत एक बाई होत्या, चाळिशीच्या, नीटनेटक्या, गळ्यात ओळखपत्र. हेब्बाळच्या औद्योगिक वसाहतीत बाहेरदेशच्या धंद्यांचे हिशेब सांभाळणारी एक कंपनी आहे, तिथला समाजकार्याचा विभाग त्या बघत होत्या.

“अक्का, चांगलं काम आहे,” काका म्हणाले. “देवळाच्या वरचा हॉल आम्ही देतो. शिकवायला माणूस आणि कॉम्प्युटर कंपनी देते. पोरं तुमच्या कॉलेजची. आणि मधे तुम्ही.”

बाईंनी इंग्रजीत सगळं समजावलं. पदवीच्या शेवटच्या वर्षाची पंचवीस-तीस मुलं. मुलाखत कशी द्यायची, मेल कसा लिहायचा, कॉम्प्युटरवर हिशेब कसे ठेवायचे, पुढे शिकायचं तर कुठल्या परीक्षा द्यायच्या. जी मुलं पूर्ण वर्ग करतील त्यातल्या काहींना कंपनी स्वतः प्रशिक्षणासाठी घेणार. मला ते मनापासून पटलं. आमच्या मुलांना पदवी मिळते, आणि त्यानंतर काय हे कुणी सांगत नाही. मी हो म्हटलं. प्रिन्सिपॉलनीही हो म्हटलं, फक्त “आपल्याकडे कटकट येणार नाही ना?” एवढं विचारून घेतलं.

वर्ग सुरू झाले. आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी सहा ते आठ. शिकवायला कंपनीतला एक तरुण यायचा. शिकवायचा छान. पहिल्या दिवशी सगळ्यांना कंपनीचे टी-शर्ट मिळाले, जिन्यावर उभं करून फोटो निघाले.

त्या मुलांत एक मुलगी होती. वरुणा गावाच्या पुढे, मोठा रस्ता सोडून आत तिचं गाव. वडिलांची भात आणि उसाची शेती, आई डेअरीला दूध घालायची. घरातली कॉलेजात गेलेली ती पहिलीच. माझ्या वर्गात ती कधी पहिली आली नाही, पण समजलं नाही की हात वर करायची, आणि समजेपर्यंत तो खाली घ्यायची नाही. त्या तरुणालाही तिने पहिल्याच आठवड्यात घामाघूम केलं. तो मला म्हणाला, “मॅडम, अशी चार मुलं मिळाली तर बाकीच्यांना मी न शिकवताच कळेल.”

अडचण एकच होती. तिच्या गावात जाणारी शेवटची बस सव्वासातला सुटायची. ती चुकली तर मोठ्या रस्त्यावर उतरून उसातून अंधारात चालत जायचं. घरच्यांनी सांगून ठेवलं होतं, सव्वासातच्या बसने आलीस तर वर्गाला जा, नाहीतर नको. म्हणून पावणेसात वाजले की ती वही बंद करायची, चपला हातात घेऊन मागच्या दाराने निघायची. वर्गात व्यत्यय नको म्हणून चपला खाली जाऊन घालायची.

मला वाटलं, बिचारी अर्धाच वर्ग शिकते. महिन्याभराने कळलं की कंपनीच्या लेखी ती तेवढंही शिकत नव्हती. हजेरी मोबाइलवर लागायची. येताना एकदा, आठ वाजता जाताना एकदा. जातानाची लागली नाही तर तो दिवस धरायचाच नाही. म्हणजे ती मुलगी दर वर्गाला येत होती आणि तिची हजेरी शून्य होती.

मी त्या तरुणाला विचारलं. तो खजील झाला. “माझ्या हातात नाही मॅडम. ते सगळं आपोआप होतं.”

“मग वर्ग लवकर सुरू करू या.”

“साडेपाचच्या आत मला ऑफिसातून निघता येत नाही. पण शनिवारी सुट्टी असते. शनिवारी दुपारभर मी येईन. मला उलट बरं पडेल.”

इतकं सोपं होतं. तीन संध्याकाळींऐवजी शनिवारची अख्खी दुपार. मी मुलांना विचारलं, सगळी तयार. मी खुशीत काकांच्या दुकानात गेले. ते एका शेरवानीला काज करवून घेत होते.

“शनिवार आगल्ला, अक्का,” ते मान वर न करता म्हणाले. जमणार नाही, या अर्थाचा हा आमचा म्हैसूरचा शब्द. त्याच्यापुढे वाद चालत नाही. “शनिवारी बायकांचं भजन असतं. आमच्या वडिलांच्या काळापासून.”

“भजन तासभराचं असेल ना?”

“दुपारपासून जमतात त्या. त्यांना कसं सांगायचं, तुम्ही उठा म्हणून?”

परक्या देवळातल्या भजनावर मी काय बोलणार? मग मी कंपनीच्या बाईंना फोन केला: निदान हजेरीची पद्धत बदला. त्या म्हणाल्या, वर्गाच्या वेळा करारात ठरल्या आहेत, हजेरीचे नियमही ठरले आहेत, बदल हवा तर तिन्ही पक्षांनी मिळून सुचवावा. प्रिन्सिपॉलना सांगितलं तर ते म्हणाले, “एका मुलीसाठी तिघांना कशाला हलवता?” मी म्हटलं, बाहेरगावच्या आणखीही मुली आहेत, ही बस बघूनच त्यांनी नाव दिलं नाही. ते म्हणाले, “बघू पुढच्या मीटिंगला.”

मीटिंग झाली. चहा झाला, खारे काजू झाले. कार्यक्रमाच्या पाटीवर देवळाचं चिन्ह वर हवं की कंपनीचं, यावर बराच वेळ बोलणं झालं. बसचा विषय मी काढला तेव्हा सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मान हलवली. तिघेही चांगले लोक. कुणी वाईट शब्द बोललं नाही. कुणी काही केलंही नाही. घरी येऊन मी नवऱ्यावर विनाकारण ओरडले.

मुलीला मात्र मी दर आठवड्याला सांगत होते, “होईल गं, मी बोलतेय त्यांच्याशी.” ती “सरी, मॅडम”, म्हणजे बरं, एवढं म्हणायची आणि पावणेसातला निघायची.

शेवटी एका शनिवारी दुपारी मी सरळ देवळात गेले. मनात ठरवलं होतं, त्या बायकांचे पाय धरीन, पण एक तास तरी मागून घेईन. गेले तर भजन चालू होतं, पण खाली, देवासमोर. दहा-बारा बायका, बहुतेक साठीच्या पुढच्या. वरच्या हॉलच्या जिन्याला कुलूप.

अभंग संपेपर्यंत थांबले. मग पेटी वाजवणाऱ्या मावशींजवळ बसले आणि सांगितलं की सव्वासातच्या बसपायी मुलांच्या वर्गाला शनिवारी हॉल हवा होता, पण तुमचं भजन असतं म्हणून...

“आमचं भजन?” त्या म्हणाल्या. “आमचे गुडघे तो जिना चढतात का? आम्ही इथे खालीच बसतो, कित्येक वर्षं.”

“पण वर मुलांचा आवाज झाला तर?”

“अय्यो, आमचाच इतका होतो, त्यांचा काय ऐकू येणार!” बाकीच्या हसल्या. मग त्या गंभीर झाल्या. “आम्हाला कुणी विचारलंच नाही. माझी नातसुद्धा त्या वर्गात आहे. शनिवारी असता तर मीच तिला घेऊन आले असते.”

मी तिथून तडक दुकानात गेले. काका गिऱ्हाइकाचं माप घेत होते. गिऱ्हाईक जाईपर्यंतही मला धीर धरवला नाही.

“काका, भजन खाली होतं.”

“हो, खालीच.”

“मग वरचा हॉल रिकामा असतो.”

“रिकामा असतो, पण बायकांना त्रास...”

“त्या म्हणाल्या तसं?”

त्यांनी टेप गळ्यात अडकवली. “म्हणाल्या नाहीत. पण म्हणतील असं वाटलं.” मग म्हणाले, “अक्का, मत्ते... आणखी एक असं आहे, रविवारी हॉलमध्ये कार्यं असतात. शनिवारी पोरं आली तर पुन्हा झाडून घ्यावं लागतं.”

म्हणजे झाडू. इतके आठवडे एक मुलगी चपला हातात घेऊन जिना उतरत होती, ते झाडूसाठी. गिऱ्हाइकासमोर मी काय काय बोलले ते मला नीट आठवत नाही. शेवटी काका म्हणाले, “शनिवारपासून घ्या. झाडायला मी माणूस पाठवतो.” गिऱ्हाइकाने बिचाऱ्याने दोन्ही हात अजून माप द्यायला पसरलेले होते.

आता कंपनीचा होकार हवा होता. तो यायला इतके दिवस लागले की वर्गाचे शेवटचे दोनच शनिवार हाती आले. त्या दोन्ही शनिवारी ती मुलगी सगळ्यांच्या आधी आली आणि सगळ्यांच्या नंतर गेली. सोबत गावातली एक मैत्रीणही घेऊन आली. पण कंपनीने प्रशिक्षणासाठी निवडलेल्यांत तिचं नाव नव्हतं. हजेरी कमी.

मी हेब्बाळला गेले. फाटकावर फोटो काढून मला पाहुण्याचा पास दिला. काचेच्या खोलीत बाईंनी स्वतः कॉफी आणून दिली. सगळं ऐकून घेतलं.

“मला खरंच वाईट वाटतं,” त्या म्हणाल्या. “पुढच्या बॅचला तिला नक्की पहिलं प्राधान्य देऊ.”

“पुढची बॅच शेवटच्या वर्षाच्या मुलांची. ती तर पास होऊन बाहेर पडेल.”

“अच्छा,” त्या म्हणाल्या. आणि मग, अगदी मनापासून, “तसा तर नियम आहे.”

मी कॉफी तशीच टाकून उठले.

मुलीला सांगायला मी बसस्टँडवर गेले. फोनवर सांगणं मला बरं वाटेना. ती रडेल अशी माझी कल्पना होती. ती रडली नाही, चिडली, तेही हळू आवाजात.

“मॅडम, तुम्ही भांडलात ते ठीक. पण माझ्या हजेरीचा नियम मला मधेच कळला, आणि मग तुम्ही ‘होईल’ म्हणत राहिलात. पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर मी काहीतरी केलं असतं. वरुणाला मावशी राहते, तिच्याकडे राहिले असते. मला कुणी विचारलंच नाही, तुला कसं जमेल म्हणून.”

तिचं बरोबर होतं. आम्ही सगळे तिच्याबद्दल बोलत होतो, तिच्याशी मात्र कुणी बोललं नव्हतं. मी तसं म्हटलंही. तिने खांदे उडवले. बस लागली होती.

पुढचं तिने तिचं बघितलं. बेळगोळच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये नोंदी ठेवायचं काम मिळवलं. तिची मैत्रीण त्या बाजूला कामाला जाणारी, तिच्याकडून कळलं म्हणे. सकाळची पाळी, दुपारी सुटी. आणि बाहेरून एम.कॉम.ला नाव घातलं. मुलाखतीत काय विचारलं म्हणून मी फोनवर विचारलं, तर म्हणाली, “वर्गात शिकवलेलं काहीच विचारलं नाही. पण मी घाबरले नाही, ते मात्र वर्गामुळे.” एवढं श्रेय तिने दिलं, आणि ते मी त्या तरुणाला जसंच्या तसं कळवलं. त्याला फार आनंद झाला.

नंतर समारोपाचा कार्यक्रम झाला. हार, शाल, दिवा. पडद्यावर फोटो दाखवत होते, आणि त्यात तीही निघाली: पहिल्या दिवशीच्या टी-शर्टमध्ये, जिन्यावर, हसताना. खाली लिहिलेलं, उपक्रमातून नोकरी मिळालेली ग्रामीण विद्यार्थिनी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकांनीही वाजवल्या. बाई माझ्याकडे बघून कौतुकाने हसल्या. त्यांना खरंच वाटत होतं की मला हे बघून बरं वाटेल.

मला बोलायला बोलावलं तेव्हा मी तयार केलेलं भाषण बाजूला ठेवलं. म्हटलं, “ही मुलगी आपल्या यादीत नव्हती. ही नोकरी तिने स्वतः मिळवली. सव्वासातची बस सांभाळून आपण तिला पूर्ण वर्ग देऊ शकलो नाही.” सभेत कुणाला काही कळलं नाही, कुणी तरी हळूच विचारलं, सव्वासात काय? फक्त मागच्या खुर्च्यांवर बसलेल्या भजनाच्या बायकांनी माना डोलावल्या. पेटीवाल्या मावशींनी तर टाळी वाजवली, एकटीनेच. माझं झाल्यावर प्रिन्सिपॉलनी माइक घेतला आणि सर्व भागीदार संस्थांचे आभार मानले.

रात्री मी मुलीला फोन करून फोटोचं सांगितलं. काढायला लावते म्हटलं. ती हसली. “राहू द्या मॅडम. आई बघेल तर खूश होईल. तुम्ही शनिवार तेवढा सोडू नका.”

शनिवार मी सोडला नाही. यंदाचे वर्ग शनिवारीच चालतात. तिच्या बाजूच्या गावांतल्या चार-पाच मुली येतात. खाली टाळ चालू असतात, वर मेल लिहिणं. दोन्हीकडच्यांचं एकमेकांवाचून काही अडत नाही. झाडायला येणारा माणूस मात्र दोन आठवड्यांतून एकदा येतच नाही, आणि मग मुलंच झाडतात. त्यावरून माझं काकांशी अजून वाजतं.

गेल्या मीटिंगला मी हट्ट धरला की बैठकीत दोन विद्यार्थी बसले पाहिजेत, निर्णय होण्याआधी त्यांना विचारलं पाहिजे. काका म्हणाले, पोरं काय बोलणार? प्रिन्सिपॉल म्हणाले, कटकट होईल. कंपनीच्या बाईंना मात्र कल्पना फार आवडली. “फारच छान,” त्या लिहून घेत म्हणाल्या, “हे वार्षिक अहवालात घालू.” मी विचारलं, मुलांना बोलावताय कधी ते सांगा. त्या म्हणाल्या, त्याचं पुढच्या मीटिंगला ठरवू.

पुढच्या मीटिंगला मी न विचारता वर्गातल्या दोघींना सोबत घेऊन जाणार आहे. खुर्च्या कमी पडल्या तर काकांना उठवीन.