कुलूप बाहेरून

सेलूच्या स्टेशनमागे बंद पडलेल्या जिनिंगचं एक गोदाम आहे. तिथे आता कापूस नाही, स्टुडिओ आहे. दिनकरराव जुन्या मोटारी हुडकून आणतात, चकचकीत करतात आणि हैदराबादच्या शौकिनांना विकतात. विकायच्या आधी प्रत्येक मोटारीचा फोटो काढतो तो शिवकुमार. लग्नातल्या वऱ्हाड्यांना पार कंटाळलेला हा माणूस मोटारीपुढे मात्र पूजेला बसल्यासारखा गप्प होतो.

काम तसं विचित्रच. गोदामात मिट्ट काळोख करायचा, कॅमेरा उघडा ठेवायचा, काळे कपडे घालायचे आणि हातातली दिव्याची नळी मोटारीच्या अंगावरून हळूहळू फिरवत न्यायची. तेवढ्यात कुणी दार उघडलं की सगळी मेहनत पाण्यात. एकदा चहावाल्याने तसं केलं, तेव्हा शिवकुमारनेच हट्ट धरला की मला आत घ्या आणि बाहेरून कुलूप लावत जा. उजेड नको म्हणून मोबाईलही बाहेरच ठेवायचा. दिनकररावांना ही रीत फार आवडली. न आवडायला काय झालं, कोंडलेला माणूस काम सोडून जातो कुठे? पुढे पुढे काम संपलं तरी दिनकरराव येतील तेव्हाच दार उघडू लागलं, आणि शिवकुमार स्टुलावर बसून वाट बघायला शिकला.

त्या दिवशी त्याची लेक ईश्वरी दुपारच्या गाडीने पुण्याला नर्सिंग शिकायला निघाली होती. घरातलं लेकरू पहिल्यांदा लांब निघालं की बापाने त्याच्या कपाळाला विभूती लावायची, ही त्यांच्या घरची चाल. विभूतीची पुडी शिवकुमारच्या खिशात होती. पण काळी अँबेसेडर दुसऱ्या दिवशी हैदराबादला जायची होती. दिनकरराव म्हणाले, तासाभराचं तर काम, उरकून तसाच स्टेशनावर जा. नाही म्हणणं शिवकुमारला कधी जमलंच नाही. त्याच्या बायकोने, महानंदाने, निघताना एवढंच विचारलं की आज तरी कुलूप नाही ना लावणार. तो म्हणाला, बघतो.

फोटो चांगला झाला. काळ्या पत्र्यावरून उजेडाची एकच रेघ बॉनेटपासून डिकीपर्यंत गेली होती. पण कौतुक करायला जीव थाऱ्यावर नव्हता. दारावरचा जाड पडदा सारून त्याने हाका मारल्या, फळ्यांवर थापा मारल्या. कुणी आलं नाही. तो स्टुलावर बसला, उठला, परत बसला. पोरगी डब्याच्या दारात उभी राहून वाट बघत असेल.

मग गाडीचा भोंगा ऐकू आला. गाडी थांबली होती तेवढा वेळ तो खिशावर हात दाबून उभा राहिला. डबे धडधडत गेले, गोदामाचे पत्रे थरथरले आणि थांबले. शिवकुमार रडला. अंधारात रडायला निदान लाज वाटत नाही.

दिनकरराव आले ते सरळ दार ढकलूनच.

“आजून हितंच तू?” ते म्हणाले. “चावी सापडंना म्हणून नुसतं दार ओढून घेतलं व्हतं. तुला सांगून गेलो की मी.”

तो दिवे लावण्यात गुंतला असताना ते काहीतरी बोलले होते खरं. हे दार आत ओढलं की उघडतं. एवढ्या थापा मारल्या, पण ओढून त्याने एकदाही पाहिलं नव्हतं.

बाहेर येऊन मोबाईल घेतला, तर ईश्वरीचाच फोन आला.

“अप्पा, लय वाट बघितली. काय झालं व्हतं?”

शिवकुमारने दाराच्या रिकाम्या कोयंड्याकडे पाहिलं.

“कुलूप व्हतं, माय,” तो म्हणाला. “बाहिरून.”

ती समजूतदार पोर. म्हणाली, मला वाटलंच.

दुसऱ्या दिवशीही चावी काही सापडली नाही. शिवकुमारने बाजारातून नवं कुलूप आणलं, दिनकररावांच्या हातात दिलं आणि आत गेला. दाराला कान लावून कुलपाचा खटका त्याने नीट ऐकला, मगच दिवा मालवला.