तीन खोकी आणि क्रमांक एक

माणसाच्या नावावर अजिबात विश्वास न ठेवणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान फोर्टातल्या एका कचेरीत, कार्डांना भोकं पाडणाऱ्या मशिनांच्या खात्यात होते. तिथून ते मुलुंडला, आमच्याच कॉलनीत, परतायचे ते सगळं जग कार्डांवर मांडायच्या तयारीनेच. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांवर नुसते एक ते बावीस आकडे असत आणि कुठल्या डब्यात काय, याची यादी दाराला टांगलेली असे. "जिन्नस बदलतो हो, डबा तोच राहतो," असं ते मला समजावत. एकदा ताईंनी डबे घासून जिन्नस इकडचे तिकडे भरले आणि यादी तशीच राहिली. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी मिठाचा चहा प्यायला. साडूभाऊंनी आपला कप शेवटच्या घोटापर्यंत संपवला आणि म्हणाले, "पद्धत बरोबर आहे. यादी सुधारली नाही, एवढंच."

स्वतःच्या लग्नातही हेच. भटजींनी तांदळाच्या ताटात अंगठीने नवरीचं नवं नाव लिहायला सांगितलं, तर यांनी ताईंचं माहेरचंच नाव लिहून ठेवलं. मांडवात कुजबुज झाली. आता यांच्या आई आकाशपाताळ एक करणार म्हणून आम्ही वाट पाहत होतो, पण त्या काहीच बोलल्या नाहीत. मला तेव्हा त्याचं नवल वाटलं होतं.

आमच्या कॉलनीत रक्तदात्यांच्या तीन वह्या होत्या: एक इमारतींप्रमाणे, एक रक्तगटाप्रमाणे, एक चिटणिसांच्या घरी. कोणी घर बदललं की एका वहीत सुधारणा व्हायची आणि उरलेल्या दोन वह्या जुनंच सांगत राहायच्या. साडूभाऊंनी त्या बंद करायला लावल्या आणि बुटांची तीन खोकी आणली. पहिल्यात माणसाचं कार्ड: नंबर, नाव, रक्तगट. दुसऱ्यात नंबर आणि पत्ता. तिसऱ्यात एकेका गटाचं कार्ड, त्यावर शोधण्यापुरते नुसते नंबर.

"अहो, एक माणूस शोधायला तीन खोकी उघडायची?" चिटणीस वैतागले. "पेशंटची वाट लागेल ना!"

"एक गोष्ट एकाच जागी लिहायची," साडूभाऊ म्हणाले. "दोन जागी लिहिली की त्या दोन जागा एक दिवस भांडायला लागतात."

कॉलनीने त्यांची यथेच्छ टिंगल केली. मीही केली, कबूल करतो.

पुढच्याच वर्षी माझ्या बायकोचं बाळंतपण अवघड झालं. मुलगी झाली, पण आईचा रक्तस्राव थांबेना. तिचा गट बी निगेटिव्ह, आणि रक्तपेढीत त्याची बाटली शिल्लक नव्हती. भर दुपारी चिटणीस जुनी वही घेऊन धावले. वहीत त्या गटाची एकच मुलगी होती, इमारत तीनमधली कुमुद. त्या घराला कुलूप होतं आणि कुमुद नावाचं कोणी आता कॉलनीत राहत नव्हतं. मी प्रसूतिगृहाच्या बाकावर बसलो होतो. साडूभाऊंनी शेजारी तीन खोकी मांडली. गटाच्या कार्डावर नंबर एक्केचाळीस. माणसांच्या खोक्यात एक्केचाळीस: कुमुद, आणि त्याखाली लग्नानंतरचं नाव, शुभांगी. पत्त्यांच्या खोक्यात एक्केचाळीस: घाटकोपर. तिच्या आईने घर सोडताना बाजारात सहज सांगितलेला लेकीचा पत्ता यांनी त्याच दिवशी लिहून ठेवला होता. तासाभरात ते शुभांगीला टॅक्सीने घेऊन आले. माझी बायको वाचली.

दोन दिवसांनी मी त्यांच्याकडे कार्डं लावायला बसलो. क्रमांक एकचं कार्ड हाती आलं: सुशीला, त्याखाली मंगला. गटाची जागा कोरी.

"ही कोण?"

"आमची अक्का," ते म्हणाले. "तिला सासरहून दवाखान्यात नेलं. बाबा धावत गेले आणि घाबरून सुशीला, सुशीला विचारत राहिले. दवाखान्याच्या वहीत मंगला होती. सुशीला कोणी नाही म्हणाले. संध्याकाळी बाबांना सासरचं नाव आठवलं, तोवर अक्का गेली होती."

त्यांनी कार्ड माझ्या हातून घेऊन जागेवर ठेवलं. मग एक कोरं कार्ड काढून वर नवा नंबर घातला.

"हे तुमच्या मुलीचं. नाव ठेवा सावकाश, बारशाला. ही हरवायची नाही."

साडूभाऊ गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. खोकी माझ्याकडे आहेत. माणूस गेला तरी त्याचा नंबर दुसऱ्याला द्यायचा नाही, असा त्यांचा नियम होता. म्हणून त्यांचं कार्ड मी हलवलेलं नाही. क्रमांक दोन, अक्काच्या मागोमाग.