सुधाकररावांची नंतरची गाणी

श्री. सुधाकररावांची आणि माझी ओळख कन्हानला लाईट गेल्यामुळे झाली. गणपतीत त्यांच्या ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम होता. नेहमीचा वादक आजारी पडल्याने बेस गिटार वाजवायला मला ऐनवेळी नेलं होतं. दुसऱ्याच गाण्यात वीज गेली आणि माझी गिटार मुकी झाली. ती गळ्यात अडकवून मी खांबासारखा उभा राहिलो. लोक उठायला लागले. तेव्हा सुधाकरराव मंचाच्या काठाशी येऊन बसले आणि साधी गिटार घेऊन माईकशिवाय गाऊ लागले. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जात होता. उठलेले लोक परत बसले. वीज आली तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "बंद करा जी ते लाईट. चांगलं चालून राहिलं होतं."

पुढे त्यांनी जे केलं ते नागपूरकरांना सांगायला नको. पण हा गौरवग्रंथ बाहेरगावीही जाईल, म्हणून सांगतो. पॉप गायचं तर हिंदीत किंवा इंग्रजीत, असा तेव्हा समज होता. सुधाकररावांनी गिटारीवर घरातली बोली आणली. त्यांच्या पहिल्या कॅसेटी पानठेल्यांवर, हॉस्टेलात, कळमेश्वरच्या रस्त्यावरच्या ऑटोत वाजून वाजून झिजल्या. त्या काळात त्यांच्या मागे उभं राहून वाजवायला मिळालं, याचा मला अभिमान आहे.

गौरवलेखात इथेच थांबायची रीत आहे. पण माणूस पंचाहत्तर वर्षांचा झाला आणि आपण त्याच्या तरुणपणाचंच कौतुक करत बसायचं, हे मला पटत नाही. नंतरची गाणी आहेत, भरपूर आहेत आणि त्यातली बरीचशी मला आवडत नाहीत. हे त्यांनाही चांगलं ठाऊक आहे.

नवा अल्बम झाला की जुन्या साथीदारांना रविवारी सकाळी घरी बोलवायचं, तो लावून द्यायचा आणि आपण स्वयंपाकघरात तर्री-पोहे करायला जायचं, असा त्यांचा शिरस्ता. गाणी संपेपर्यंत ते बाहेर येत नाहीत आणि आमचं बोलणं संपेपर्यंत तोंड उघडत नाहीत. कोरसमध्ये गाणाऱ्या शकुंतलाबाई नव्या गाण्यांच्या बाजूने भांडतात. "शब्द पाहा ना. आता कुठं ते स्वतःचं बोलून राहिले," असं त्यांचं म्हणणं. मी म्हणतो, शब्द आधी ऐकू तर येऊ द्या. वर केवढा तो कीबोर्ड, केवढे ते ढोल. एकदा तर बाईंनी माझ्याशी पुढचा रविवार येईपर्यंत अबोला धरला होता. सुधाकरराव पोह्यांवर तिखटजाळ तर्री ओतत शांतपणे विचारतात, "काहून गा, एवढं वाईट झालं का?" मी हो म्हणतो आणि ते माझ्या बशीत आणखी एक पळी तर्री वाढतात. रागाने की प्रेमाने, ते मला अजून कळलेलं नाही.

माझी पत्नी सुमन धंतोलीच्या एका दवाखान्यात भरती होती, तेव्हा सुधाकरराव रोज संध्याकाळी येत. तब्येतीची चौकशी एका वाक्यात उरकून खिडकीशी बसत आणि एक नवी चाल गुणगुणत. सुमनला झोप लागली की निघून जात. पुढे ती चाल त्यांच्या एका अल्बममध्ये आली. बरी होऊन घरी आलेली सुमन ऐकता ऐकता म्हणाली, "हे तर आपलं दवाखान्यातलं गाणं. यात एवढा गोंगाट काहून भरला जी?"

पंचाहत्तरीच्या सत्कार सोहळ्यात त्यांनी जुनी गाणी म्हणावीत, असं समितीचं मत पडलं. सुधाकरराव नवीनच म्हणणार म्हणून अडून बसले. समजूत काढायला मला पाठवण्यात आलं. मी म्हटलं, "दादा, नवीनच म्हणा. पण दवाखान्यातलं म्हणा, आणि नुसत्या गिटारीवर म्हणा."

ते म्हणाले, "तुले काय वाटते, मले कमी वाजवणं समजत नाही? वाद्यं काढली का माझा आवाज उघडा पडते गा. तो आता पहिल्यासारखा नाही राहिला."

इतक्या रविवारच्या भांडणांत ही गोष्ट आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आली नव्हती. मला फार वाईट वाटलं. तरी मी हट्ट सोडला नाही.

गेल्या आठवड्यात तालीम झाली. दुसऱ्याच ओळीला आवाज चिरकला. त्यांनी गिटार थांबवली नाही. ती ओळ खालच्या सुरात पुन्हा घेतली आणि पुढे गेले. समोर बसलेल्या सुमनने डोळे मिटून घेतले होते. गाणं संपल्यावर शकुंतलाबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आता तरी शब्द ऐकू आले का?" आले, हे मी इथे लेखी देतो. बाकीच्या गाण्यांबद्दल माझं मत आहे तेच आहे.

सोहळ्यात सुधाकरराव ते गाणं म्हणणार आहेत. मी बेस गिटार गळ्यात अडकवून मागे उभा राहीन आणि कन्हानला उभा होतो तसाच, काहीही वाजवणार नाही. त्यांना उदंड आयुष्य लाभो, तब्येत ठणठणीत राहो. त्यांनी अजून खूप गाणी करावीत, चांगली, वाईट, जशी होतील तशी, आणि रविवारी आम्हाला बोलवावं. तर्री जास्त पडली तरी चालेल.